‘गेली’ आणि ‘परतली’ : हौशी रेडिओतील वॅटमीटर आणि त्याची निगा



सरांच्या स्मृतिव्याख्यानासाठी शाळेने मला बोलावले, तेव्हा मी साहित्यावरचा एखादा विषय घ्यावा, अशी संयोजकांची अपेक्षा होती. ती रास्तच होती. माझी सारी नोकरी मराठी शिकविण्यात आणि उरलेला वेळ महानुभावांच्या सकळ लिपीतील पोथ्या लावण्यात गेला. परंतु ज्यांच्या नावाने हे व्याख्यान आहे ते सर विज्ञान शिकवीत, आणि शाळा सुटल्यावर हौशी रेडिओचे केंद्र चालवीत. त्यांच्या त्या खोलीत मी नववीपासून मॅट्रिकपर्यंत जवळजवळ रोज बसलो. त्या खोलीतील एका लहानशा उपकरणाचा, म्हणजे वॅटमीटरचा इतिहास आज आपल्यापुढे ठेवावा असे मी ठरविले. त्यात मला एक गोष्ट सांगायची आहे, जी सर हयात असताना मी त्यांना सांगितली नाही.

आपल्या देशातील हौशी रेडिओचा इतिहास बहुधा अंतराच्या भाषेत सांगितला जातो. कोण कोणाशी, किती मैलांवर, प्रथम बोलला हे आवर्जून नोंदविलेले असते. कलकत्त्याचे अमरेंद्रचंद्र गुप्तू यांना १९२१ साली परवाना मिळाला तेथून ही कथा सुरू होते. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा यांच्या चौकटीत ती पुढे सरकली. (२०२३ च्या दूरसंचार कायद्याने या दोन्ही जुन्या कायद्यांची जागा घेतली.) १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच हौशी परवाने रद्द झाले. १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत चालविलेला गुप्त काँग्रेस रेडिओ याच कथेच्या कडेला येतो; पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, म्हणून येथे त्याला केवळ नमस्कार करतो.

इंदूरकरांनी मात्र एक गोष्ट विसरू नये. स्वातंत्र्यानंतर १९४८ साली ‘ॲमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया’ स्थापन झाला तो दिल्लीत किंवा मुंबईत नव्हे, तर आपल्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर, महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये. पुढे त्याचे ठाणे दिल्लीला हलले आणि १५ मे १९५४ रोजी त्याला ‘ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया’ हे नाव मिळाले. महूचे नावही २००३ मध्ये डॉ. आंबेडकर नगर झाले. पण सरांच्या पिढीच्या तोंडी महू म्हणजे लष्कर, आणि लष्कर म्हणजे डिस्पोजलचा माल. युद्धात वापरलेले नंबर १९ चे सेट, ८०७ क्रमांकाच्या व्हॉल्व्ह, जाड रबरी केबली, काचेवर तडा गेलेले मीटर, हे सारे जुन्या बाजारात वजनावर मिळे. सरांचे केंद्र त्यातूनच उभे राहिले होते.

आता मुख्य विषयाकडे वळतो. प्रक्षेपक लहरी पाठवितो हे खरे, पण किती शक्ती पाठवितो हे कसे कळावे? घरातील विजेचा वापर मोजणारे मीटर येथे चालत नाही, कारण हा प्रवाह सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलतो. जुन्या बिनतारी केंद्रांत तप्ततार अँपिअरमापक असे. प्रवाहाने तार तापे, तापल्यावर लांबे, आणि त्या लांबण्याने काटा हले. त्याची जागा पुढे थर्मोकपलच्या मीटरने घेतली. प्रवाहाच्या वर्गाला रोधाने गुणले की शक्ती मिळते. पन्नास ओहमच्या रोधातून एक अँपिअर प्रवाह गेला तर पन्नास वॅट. हिशेब सोपा वाटतो, पण वर्ग घ्यावा लागत असल्यामुळे प्रवाह वाचण्यात शंभरात पाचाची चूक झाली तर शक्तीत ती जवळजवळ दहाची होते. शिवाय थर्मोकपल फार नाजूक असते. क्षणभर मर्यादेपलीकडचा प्रवाह गेला तर ते जळते, आणि जळलेल्यावर कोणतीही साफसफाई चालत नाही.

ज्यांना एवढेही परवडत नसे ते दिवा लावीत. अँटेनाच्या जागी साधा विजेचा बल्ब जोडायचा, शेजारी तसाच दुसरा बल्ब घरच्या विजेवर लावायचा, आणि दोहोंचा उजेड डोळ्यांनी ताडून पाहायचा. सरांनी आम्हांला हे करून दाखविले होते. लगेच त्यातील खोटही दाखविली होती. थंड असताना बल्बच्या तंतूचा रोध तापलेल्या तंतूच्या सुमारे एकदशांश असतो, म्हणजे ज्या रोधावर मोजायचे तोच मोजताना बदलत राहतो. “दिवा शोभेला बरा, साक्षीला नाही,” असे ते म्हणत.

कायद्यालाही ही अडचण ठाऊक होती, असे दिसते. १९७८ च्या हौशी सेवा नियमांत दुसऱ्या श्रेणीच्या परवानाधारकास पन्नास आणि पहिल्या श्रेणीच्या धारकास दीडशे वॅटची मर्यादा होती, ती अंतिम टप्प्यात आत घातलेल्या एकदिश शक्तीची. बाहेर किती पडते, याची नव्हे. आत जाणारे व्होल्ट आणि अँपिअर साध्या मीटरवर कळतात; त्यांचा गुणाकार केला की झाले. पन्नास वॅट आत घातले तर सरांच्या यंत्रातून बाहेर तीस-पस्तीस पडत, बाकीचे व्हॉल्व्हच्या प्लेटवर उष्णता होऊन बसत. म्हणजे आपल्याकडचा हौशी माणूस कायद्याला देत असे तो एक आकडा, आणि त्याला स्वतःला हवा असे तो दुसराच. त्या दुसऱ्या आकड्यासाठी त्याने जे कष्ट घेतले त्यांची नोंद इतिहासात फारशी कोणी केलेली नाही.

आणखी एक प्रश्न होता, तो अधिक महत्त्वाचा. केबलीतून अँटेनाकडे गेलेली सगळी शक्ती आकाशात जातेच असे नाही. अँटेना आणि केबल यांचा मेळ बसला नाही, सांधा तुटला, पाणी शिरले, तर काही शक्ती भिंतीवर आपटलेल्या चेंडूप्रमाणे परत येते. शंभर वॅट गेले आणि चार परतले तर चिंतेचे कारण नाही. हिशेबाने ते गुणोत्तर दीडास एक येते. पण शंभरातले पन्नास परतू लागले तर प्रक्षेपकाच्या जिवावर बेतते. म्हणून मापकाने केवळ ‘किती’ हे सांगून भागत नाही, ‘कोणत्या दिशेने’ हेही सांगावे लागते. अशा दिशादर्शक मापकांचा काळ १९५० च्या दशकात आला. अमेरिकेच्या ओहायो राज्यात जे. रेमंड बर्ड यांच्या कंपनीने ‘मॉडेल ४३’ हा मापक काढला. लू मॅकॉय यांनी १९५६ मध्ये ‘क्यूएसटी’ या अमेरिकन मासिकात ‘मोनिमॅच’ नावाचा घरी करता येण्याजोगा मापक दिला, आणि वॉरन ब्रून यांनी १९५९ मध्ये त्याच मासिकात दुसऱ्या पद्धतीच्या मंडलाचे अंतरंग उलगडून दाखविले. महायुद्धानंतर बाजारात आलेल्या जर्मेनियमच्या लहानशा डायोडमुळे हे शक्य झाले होते.

सरांचा मापक मोनिमॅचच्या धर्तीचा होता. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात केबलीचा तुकडा, दोन डायोड, डिस्पोजलमधील एक मीटर आणि एक दोनमुखी स्विच, एवढीच सामग्री. स्विचच्या एका बाजूस कागदाची पट्टी चिकटवून त्यावर सरांनी आपल्या टाकाच्या अक्षरांत लिहिले होते ‘गेली’, दुसऱ्या बाजूस ‘परतली’. मी मराठीचा प्राध्यापक का झालो, असे कोणी विचारले तर मी पुष्कळ भारदस्त उत्तरे देतो; पण एका स्त्रीलिंगी भूतकाळी क्रियापदात एवढे विज्ञान मावते, हे मला प्रथम तेथे कळले.

या डब्याची निगा हा सरांचा नित्यक्रम होता, आणि त्याविषयी मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण ते शास्त्र आज कोणी सांगत नाही. पहिली गोष्ट, प्रक्षेपक बंद करून केबल काढल्यावाचून डब्याला हात लावायचा नाही. मग रबरी फुग्याने धूळ उडवायची. तोंडाने फुंकायचे नाही, कारण फुंकरीत ओल असते. चित्रकलेच्या मऊ कुंचल्याने कोपरे झाडायचे. जोडणीच्या खोबणीतील मधला संपर्क आणि बाहेरचे कडे कापसाच्या बोळ्याने पुसायचे; बोळा बांबूच्या काडीवर घट्ट गुंडाळलेला असावा, म्हणजे तंतू मागे राहत नाहीत. त्या काळी यासाठी सर्रास कार्बन टेट्राक्लोराइड वापरीत. ते यकृताला घातक आहे याची तेव्हा आम्हांला कल्पना नव्हती, आणि खिडकी उघडी ठेवण्याची सरांची सवय आमच्या कामी आली असावी. आता आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, आणि तेही थेंबाथेंबाने.

सँडपेपरला त्या खोलीत पूर्ण मज्जाव होता. चांगल्या संपर्कावर चांदीचा अतिशय पातळ मुलामा असतो. घासले की क्षणभर लखलखाट होतो, आणि मुलामा गेल्यावर खालचे पितळ उघडे पडून दुप्पट वेगाने गंजते. स्विचच्या पात्यांसाठी सर पोस्टकार्डाची अरुंद पट्टी कापीत, ती मिटलेल्या संपर्काच्या मधून दोन-तीनदा हलकेच ओढीत. पट्टीवर काळी रेघ उमटे. रेघ उमटेनाशी झाली की काम संपले.

मीटरच्या आत मात्र जायचेच नाही. त्यात चुंबक असतो आणि तो लोखंडाचा बारीकसा कीसही ओढून घेतो. एकदा तो फटीत शिरला की काटा अडखळू लागतो. आमच्याकडे प्रत्येक कुरकुरणाऱ्या वस्तूत शिवणयंत्राचे तेल घालण्याची प्रथा आहे. मीटरच्या रत्नांच्या बेअरिंगांत तेल घातलेले मी एका मित्राकडे पाहिले आहे, तो मीटर परत कधी शून्यावर आला नाही. वापरापूर्वी काटा शून्यावर आहे ना ते पाहावे, नसेल तर पुढच्या बारीक स्क्रूने आणावा, आणि काचेवर नखाने अलगद टिचकी मारून पुन्हा पाहावे. पुढे प्लास्टिकच्या तबकड्या आल्या तेव्हा एक नवीच पीडा आली. कोरड्या फडक्याने पुसले की प्लास्टिकवर स्थिर विद्युत साठते आणि काटा शक्ती नसतानाही वर चढून बसतो. तेथे किंचित ओलसर फडके लागते. पावसाळ्यात डबा पेटीत ठेवायचा, सोबत मलमलीच्या पुरचुंडीत सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर भाजून पुन्हा निळे करायचे.

हे सारे मला माहीत होते, आणि तरीही जे घडले ते घडले.

१९६६ चा पावसाळा. मी नववीत. सरांनी मला सांगितले होते, “शनिवारी ‘परतली’ची बाजू पट्टीने साफ करून ठेव, ओल फार आहे.” शनिवारी मी क्रिकेट खेळायला गेलो. सोमवारी त्यांनी विचारले, “केलीस का रे?” मी म्हणालो, “हो सर.” त्यांनी पुन्हा विचारले नाही. माझा शब्द त्यांनी मापकाच्या आकड्यासारखा घेतला.

त्या आठवड्यात रात्री वादळ झाले आणि छपरावरच्या तारेचा एक सांधा निसटला. तो वरून दिसत नव्हता. सकाळी नेहमीच्या वेळी सर चाळीस मीटरच्या पट्ट्यात मुंबईच्या एका हौशी मित्राशी बोलायला बसले. ‘गेली’वर काटा ठीक दिसला. स्विच ‘परतली’वर टाकला, काटा शून्यावर. प्लेटचा प्रवाह थोडा अधिक दिसत होता. एरवी सर तेवढ्यावरून थांबले असते. पण परत काहीच येत नाही, असे त्यांचा मापक सांगत होता. पाच-सात मिनिटांत ८०७ ची प्लेट आधी मंद, मग लालभडक झाली. सरांनी वीज तोडली तोवर व्हॉल्व्ह गेली होती. ‘परतली’चा काटा शून्यावर होता तो शक्ती परतत नव्हती म्हणून नव्हे. त्या बाजूचे पाते काळे पडून मीटरपर्यंत काही पोहोचतच नव्हते.

या प्रसंगातील तांत्रिक मुद्दा येथेच नोंदवून ठेवतो. मळलेला मापक बहुधा कमी दाखवितो, जास्त नाही. ‘गेली’ कमी दिसली तर माणूस चौकशी करतो, कारण त्याला वाईट वाटते. ‘परतली’ कमी दिसली तर तो खूश होतो आणि चौकशी करीत नाही. म्हणून सफाई करताना ‘परतली’च्या बाजूपासून सुरुवात करावी, आणि अधूनमधून अँटेना काढून, अगदी अल्प शक्तीवर, काटा खरोखर वर येतो ना याची परीक्षा घ्यावी.

सर मला एका शब्दानेही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. नवी व्हॉल्व्ह आणायला त्यांना दिवाळीपर्यंत थांबावे लागले. शिक्षकाच्या पगारात ती सहज बसत नव्हती. तेवढे महिने ते केवळ ऐकत बसत.

पुढची गोष्ट १९८४ नंतरची. हौशी उपकरणांवरील आयातशुल्क त्या वर्षी उठले, आणि परदेशी वस्तू आपल्याकडे येऊ लागल्या. सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने अमेरिकेहून वापरलेले बर्डचे मॉडेल ४३ आणून दिले. त्याची रचना पाहून सर लहान मुलासारखे हरखले होते. आतून पन्नास ओहमची सरळ नळी, तिच्या मधोमध खोबण, खोबणीत बसणारी बदलती चकती, चकतीवर बाण. बाण अँटेनाकडे केला की गेलेली शक्ती, उलट फिरविला की परतलेली. मीटर अवघ्या तीस मायक्रोअँपिअरचा, म्हणजे एका मिलिअँपिअरचा सुमारे तेहतिसावा भाग. एवढ्या क्षीण प्रवाहाच्या वाटेत चिमूटभर मळही फार होतो. म्हणून खोबणीचा तळ, चकतीची बूड आणि बाजूची स्प्रिंगची पट्टी या तिन्ही जागा स्वच्छ हव्यात. ती पट्टी पुसताना वाकली तर चकतीला टेकतच नाही, आणि आपण पुन्हा १९६६ मध्ये येतो. नेताना-आणताना बाण वर करून ठेवावा. मग मीटरची दोन टोके आतून जुळतात आणि धक्क्याने काटा थडथडत नाही. अचूकतेची हमी पूर्ण मापाच्या शंभरात पाचाची. याचा अर्थ लोक चुकीचा घेतात. शंभर वॅटच्या चकतीवर दहा वॅट वाचले तर ते पाच किंवा पंधराही असू शकतात. वाचन तबकडीच्या वरच्या भागात येईल अशीच चकती निवडावी.

२६ जानेवारी २००१ च्या भूजच्या भूकंपानंतर आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमानात हौशी केंद्रांनी जे निरोप पोहोचविले त्यांची वर्णने आपण वाचली आहेत. पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी केलेले काम देशाला ठाऊक आहे. अशा वेळी बॅटरीतील प्रत्येक वॅटचा हिशेब लागतो. मी ती वर्णने वाचीत असे तेव्हा माझे लक्ष निरोपांपेक्षा, त्या टेबलावर मापक कोणता असेल आणि तो शेवटचा कोणी पुसला असेल, इकडेच जाई.

सर गेल्यानंतर त्यांच्या घरच्यांनी बर्डचा मापक, बिस्किटांचा डबा आणि नोंदवह्या माझ्या स्वाधीन केल्या. परवानाधारकाने प्रत्येक प्रक्षेपणाची नोंद ठेवायची असते. १९६६ ची वही उघडण्यास मला काही महिने लागले. त्या सकाळच्या नोंदीत वेळ, पट्टा, मित्राचे संकेतनाम, सगळे नेहमीप्रमाणे आहे. शेरा या रकान्यात लिहिले आहे : ‘मापक स्वतः न तपासता प्रक्षेपण केले. दोष माझा.’ शाई तीच, अक्षर तेच, ‘गेली’ आणि ‘परतली’ लिहिणारे. पट्टी ओढली गेली नव्हती, हे पाते पाहताच त्यांना कळले असणार. पोस्टकार्डावर काळी रेघ उमटली असती ना!

पोथ्यांच्या कामात एक दंडक आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत, म्हणजे १९१९ ते १९६६ अशा सत्तेचाळीस वर्षांच्या उद्योगात, तो कसोशीने पाळला गेला. चुकीचा वाटणारा पाठ पुसायचा नाही. तो तळटीपेत, जसा आहे तसा ठेवायचा. पुढच्या वाचकाला तोही साक्ष म्हणून लागतो. सरांच्या डब्याच्या बाबतीत मी तो दंडक पाळला आहे. त्यांनी ‘परतली’चे जुने पाते बदलले होते, पण काढलेले पाते कागदात गुंडाळून डब्यातच ठेवले होते. ते मी साफ केलेले नाही. वही, डबा आणि ते काळे पाते आजपासून शाळेच्या संग्रहात राहतील.

बर्डचा मापक मात्र संग्रहासाठी नाही, प्रयोगशाळेसाठी आहे. मागील आठवड्यात नववीच्या चार मुलामुलींना मी त्याची सफाई शिकविली. सोबतच्या पेटीत फुगा, कुंचला, बांबूच्या काड्या, कापूस आणि सिलिका जेल ठेवले आहे. पोस्टकार्डाच्या पट्ट्याही आहेत, पण माझ्याजवळची कोरी कार्डे आता संपत आली. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाच्या घरी जुनी, न लिहिलेली पोस्टकार्डे पडून असतील तर त्यांनी ती विज्ञान शिक्षकांकडे आणून द्यावीत, ही विनंती.